पोचमपल्ली इकत: घेताना आणि घरी आणल्यावर

तेलंगणातल्या पोचमपल्ली, पुट्टपाक, कोय्यलगुडेम या गावांत इकतची नक्षी कापडावर उमटवत नाहीत, सुतावरच रंगवतात. माप धरून सूत जागोजागी घट्ट बांधायचे आणि रंगात बुडवायचे. बांधलेला भाग कोरा राहतो. मग ते मागावर चढते. विणताना धागा थोडाफार सरकतोच, म्हणून नक्षीच्या कडा पिसारलेल्या दिसतात. तो दोष नव्हे.

घेताना कापड उलटून पाहा. छापील कापडाची मागची बाजू बहुधा फिकी असते, इकतची दोन्हीकडून सारखी. तरी शंका असेल तर कापलेल्या टोकाचा एक धागा ओढून काढा. इकतचा धागा आरपार रंगलेला असतो. छापील धाग्यावर रंग वरच्या अंगालाच, तुटक तुटक. आमच्या दुकानात हे खुशाल करा.

शिवण्यासाठीचे सुती कापड पहिल्या धुण्यात 3 ते 5 टक्के आटते. अडीच मीटरमागे 10-12 सेंमी जास्त घ्या आणि धुऊन मगच शिंप्याकडे द्या. पडद्याच्या दोन पाटांची नक्षी तंतोतंत जुळणार नाही, हे आधीच सांगतो.

इकत जपायचे म्हणजे मुख्यतः त्यातला पांढरा जपायचा. लाल आणि काळ्या भागावर ओले पांढरे फडके मिनिटभर दाबून धरा. डाग उमटला तर पहिली दोन-तीन धुणी वेगळीच करा: 10 लिटर गार पाण्यात चमचाभर सौम्य द्रव साबण, दोन-तीन मिनिटे खळबळायचे, लगेच काढायचे. भिजत घालू नका. पिळून ठेवूही नका, ओला गोळा बादलीत पडून राहिला की रंग पांढऱ्यात उतरतो. तसे झालेच तर वाळू न देता भरपूर गार पाण्यात पुन्हा पुन्हा खळबळा. एकदा वाळला की तो डाग सहसा जात नाही. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो हा समज सोडून द्या. नीळ तर नकोच, पांढऱ्यावर तिचे ढग उठतात.

वाळवणे सावलीत, उलटे करून. सुती कापडाला दमट असतानाच उलट्या बाजूने इस्त्री. रेशमी साडी ड्रायक्लीनला.

ठेवताना खळ धुऊन टाका, कसर खळीवरच येते. मलमलीत गुंडाळा आणि तीन महिन्यांनी घडी बदला, विशेषतः रेशमाची. तेच मोड राहिले की तिथेच चिरते.

तेलिया रुमाल हाही इकतचाच एक प्रकार, त्याला सुरुवातीला तेलाचा वास येतो. त्याचे सूत तेलात आणि एरंडाच्या राखेच्या पाण्यात मुरवलेले असते. धुण्यागणिक वास कमी होतो, अत्तर फवारू नका.