काकडीची पिवळी पानं: मॅग्नेशियम कमी की लोह?

पॉलीहाऊसमधल्या काकडीची पानं पिवळी पडली की आपला हात आधी फवारणीच्या पंपाकडे जातो. दुकानात मोबाईलवरचा फोटो दाखवायचा, ‘मायक्रोन्यूट्रिएंट मारा’ असं ऐकायचं आणि पुडी घेऊन घरी यायचं. मीही एक अख्खा हंगाम हेच केलं. फोटोत काय दिसतं? शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. मॅग्नेशियम कमी पडलं तरी पान असंच दिसतं आणि लोह कमी पडलं तरी असंच. ते पान वेलावर कुठं होतं, हे मात्र फोटोत येत नाही. आणि सगळी मेख तिथंच आहे.

मॅग्नेशियमची ओरड खालून सुरू होते. वेल तारेपर्यंत गेलेला, तोडा जोरात चालू, शेंडा हिरवागार, आणि बुडाकडची जुनी पानं मात्र शिरांच्या मधोमध पिवळी पडत जातात. दुर्लक्ष केलं तर पिवळ्या भागावर तपकिरी, वाळके डाग येतात. लोहाचं उलटं. खालची पानं गडद हिरवी आणि शेंड्याचं कोवळं पान लिंबाच्या रंगाचं, त्यावर बारीक शिरांची हिरवी जाळी. फारच कमी पडलं तर पान जवळजवळ पांढरं निघतं.

असं का होतं? हरितद्रव्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियम असतं आणि ते वेलात इकडून तिकडे जाऊ शकतं. फळांचा भार वाढला आणि मुळांकडून पुरेसं आलं नाही, की वेल जुन्या पानांतलं मॅग्नेशियम काढून शेंड्याला आणि फळांना देतो. लोह हरितद्रव्यात नसतं, पण ते तयार व्हायला लागतं. शिवाय एकदा पानात बसलेलं लोह फारसं हलत नाही. जुन्या पानांत साठा असूनही शेंडा उपाशी राहतो, तो त्यामुळेच.

कमतरता येण्याची कारणंही वेगळी. मॅग्नेशियम बऱ्याचदा आपणच अडवतो. फळ फुगावं म्हणून 13:0:45 आणि 0:0:50 ही पालाशची (पोटॅशची) खतं ठिबकातून सोडत राहायचं. पालाश जास्त झालं की मुळं मॅग्नेशियम कमी घेतात. लोहाची गंमत निराळी आहे. बेडसाठी आपण लाल माती आणतो, आणि तिचा तो लाल रंग लोहाचाच असतो! पण बोअरचं पाणी जड, बायकार्बोनेटचं असेल तर महिन्या-दोन महिन्यांत बेडचा सामू (पीएच) वर चढतो आणि मातीतलं लोह मुळांच्या हाती लागत नाही. बेड सतत ओला राहून मुळांची हवा कोंडली तरी तेच होतं.

आता फवारणीचा हिशोब. 10 गुंठ्यांच्या पॉलीहाऊसला 100 लिटर पाणी लागलं आणि लिटरला 5 ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट घेतलं, तर 500 ग्रॅम खत झालं. त्यात मॅग्नेशियम साधारण 48 ग्रॅम, आणि तेही सगळं पानात शिरत नाही. ठिबकातून आठवड्याला 2 किलो सोडलं तर मुळांपाशी 190 ग्रॅमच्या आसपास जातं. म्हणून इथं फवारणी म्हणजे उसनवारी. पानं तगून राहतात, तोडा चालू राहतो, पण आठवड्या-दहा दिवसांनी पुन्हा मारावं लागतं आणि त्या काळात पालाशचा डोस आवरून ठिबकातून मॅग्नेशियम द्यायचं असतं. व्हेंचुरीच्या (ठिबकात खत ओढून घेणाऱ्या नळीच्या) टाकीत ते कॅल्शियम नायट्रेटसोबत मात्र ओतू नका, तळाला जिप्समचा गाळ बसतो.

लोह पिकाला लागतंच चिमूटभर. 12 टक्के लोहाचं ईडीटीए चिलेट (लोह विरघळलेलं राहावं म्हणून ते धरून ठेवणारं खत) लिटरला अर्धा ग्रॅम घेतलं तर 100 लिटरमध्ये 6 ग्रॅम लोह जातं आणि पान त्यावर हिरवं होतं. अडचण अशी, की हिरवं होतं ते फवारलेलं पान. उबदार दिवसांत काकडी दीड-दोन दिवसांत नवं पान काढते आणि ते पुन्हा पिवळंच येतं. सामू उतरवल्याशिवाय, म्हणजे सिंचनाच्या पाण्याला आम्ल देऊन आणि बेडची ओल कमी करून, ही फवारणी संपत नाही. चढ्या सामूच्या मातीत ठिबकातून द्यायचं तर ईडीडीएचए चिलेट घ्यावं, महाग असलं तरी. ईडीटीए तिथं लोह धरून ठेवत नाही.

बाजारातल्या ‘ग्रेड-2’ सूक्ष्म अन्नद्रव्य मिश्रणाबद्दल (दुकानदाराचं ‘मायक्रोन्यूट्रिएंट’) एक शब्द. ते फवारणीसाठीच असतं आणि त्यात लोह असतं, पण मॅग्नेशियम नसतं. म्हणजे खालची पानं पिवळी असताना ते मारणं हे ताप आलेल्याला खोकल्याचं औषध पाजण्यासारखं. माझा तो हंगाम त्यातच गेला.

दोन्ही फवारण्या सकाळी लवकर कराव्यात. अकरा वाजता आतली हवा तापते, थेंब वाळतात, क्षार पानावरच राहतात आणि कडा करपतात. संध्याकाळीही खत पानात चांगलं शिरतं, पण रात्रभर ओली पानं म्हणजे केवडा रोगाला आवतण.

खालची पानं पिवळी असून जाड, कडक वाटली, मुडपताना मोडली आणि वर मावा किंवा पांढरी माशी असेल, तर विषाणूचा संशय घ्या. त्यावर कुठलंच खत चालत नाही.

शेंडा पिवळा आहे आणि तरीही खात्री नाही? कपभर पाण्यात चिमटीभर लोह चिलेट विरघळवा, रंगाच्या ब्रशने एका कोवळ्या पानाच्या अर्ध्याच भागाला लावा आणि खूण म्हणून वेलाच्या सुतळीला चिंधी बांधून ठेवा. पाच-सहा दिवसांनी तेवढाच अर्धा भाग हिरवा दिसला तर पंप भरा.