आय-पिल म्हणजे गर्भपाताची गोळी नव्हे

मेडिकलमध्ये दबक्या आवाजात ‘ती गोळी’ मागितली जाते, तेव्हा मागणाऱ्याच्या मनात दोन अगदी वेगळी औषधं असू शकतात. एक तातडीची गर्भनिरोधक गोळी, म्हणजे आय-पिल किंवा अनवाँटेड-७२. दुसरं गर्भपाताचं औषध. ती एक गोळी नसते, पाच गोळ्यांचं किट असतं. त्यातल्या एका खपाच्या किटच्या नावातही ‘अनवाँटेड’ आहेच, म्हणून घोळ आणखी वाढतो.

आय-पिलमध्ये लेवोनॉर्जेस्ट्रेल हे संप्रेरक १.५ मिलीग्रॅम असतं. ते स्त्रीबीज बाहेर पडणं लांबवतं. शुक्राणू शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात, त्यामुळे संबंधानंतरही गर्भधारणा टाळायला थोडी सवड मिळते. बीज एकदा बाहेर पडलं की गोळीचा फारसा उपयोग नाही. म्हणूनच पाकिटावरचे ‘७२ तास’ वाचून तिसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. जितकी लवकर घ्याल तितकी चांगली. दोन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. पुढची पाळी थोडी मागेपुढे होऊ शकते, पण या गोळीने वांझपण येत नाही. तिचं संरक्षण महिनाभर मात्र पुरत नाही, पुढच्या संबंधाच्या वेळी निरोध किंवा दुसरं साधन हवंच.

दिवस आधीच राहिले असतील तर आय-पिल गर्भ पाडत नाही, त्याला इजाही करत नाही. ‘हे पाप आपल्या हातून नको’ म्हणून ती टाळणाऱ्या बायकांना हे स्पष्ट सांगायला हवं, कारण त्या भीतीपायीच नको असलेले दिवस राहतात. उलटी चूकही तितकीच महागात पडते. पाळी चुकल्यावर कुणी आय-पिल घेतं आणि निर्धास्त होतं. त्यात मोलाचे आठवडे जातात. पाळी आठवडाभर लांबली की आधी लघवीची तपासणी करावी.

किटमध्ये मिफेप्रिस्टोनची एक आणि मिसोप्रोस्टॉलच्या चार गोळ्या असतात. पहिली गर्भ टिकवणाऱ्या संप्रेरकाला अडवते, एक-दोन दिवसांनी घेतलेल्या बाकीच्या गोळ्या गर्भाशय आकुंचित करतात. हे औषध नऊ आठवड्यांपर्यंत आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं. नीट घेतलं तर सुरक्षित आहे. धोका चोरून घेण्यात आहे: गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहक नलिकेत असेल तर किट त्याला पाडू शकत नाही, आणि नलिका फुटली तर जिवावर बेततं. सलग दोन तास, दर तासाला दोन पॅड भिजत असतील तर तडक दवाखाना गाठावा.

इतकी लपवाछपवी करायचं कारणही नाही. १९७१ च्या कायद्याने ठरावीक कारणांसाठी गर्भपाताला परवानगी दिली आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भनिरोधक फसल्याचं कारण अविवाहित स्त्रीलाही देता येतं. अठरा पूर्ण झालेल्या स्त्रीची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही कायदा मागत नाही. कुणी मागून परत पाठवलं, तर दुसऱ्या मान्यताप्राप्त केंद्रात जावं.