सल्लागार मंडळ आणि नियामक मंडळ: शहरातल्या उद्यानांचा निर्णय नेमका कोण घेते?

अमेरिकेतल्या एखाद्या शहरात उद्यान मंडळाची बैठक पाहायला गेले, की बहुतेक ठिकाणी सारखेच चित्र दिसते. अर्धवर्तुळाकार टेबल, प्रत्येक सदस्यापुढे नावाची पाटी, मध्ये अध्यक्ष, कडेला टिपणे घेणारा कर्मचारी आणि समोर नागरिकांसाठी एक माइक, ज्याच्यापुढे उभे राहून प्रत्येकाने दोन-तीन मिनिटांत आपले म्हणणे आटोपायचे असते. प्रस्ताव मांडला जातो, त्याला अनुमोदन मिळते, चर्चा होते, नावे पुकारून मते नोंदवली जातात आणि पाच विरुद्ध दोन मतांनी प्रस्ताव संमत झाल्याचे अध्यक्ष जाहीर करतात. घरी परतणाऱ्या माणसाला वाटते की निर्णय झाला. तो झाला असेल किंवा अजून दोन महिने होणारही नसेल. नुसती बैठक पाहून हे कळत नाही, कारण सल्लागार मंडळ आणि नियामक मंडळ या मुळात वेगळ्या असलेल्या दोन संस्थांचे कामकाज बाहेरून एकाच रीतीने चालते.

खरा फरक मतदानानंतर तो कागद कुठे जातो यात आहे. नियामक मंडळाचा ठराव अंमलबजावणीसाठी थेट उद्यान खात्याकडे जातो. सल्लागार मंडळाचा ठराव शिफारस म्हणून नगरपरिषदेकडे जातो, आणि परिषद ती शिफारस स्वीकारू शकते, हवी तशी बदलू शकते किंवा नुसती नोंद घेऊन बाजूला ठेवू शकते.

अमेरिकी शहरांत सल्लागार मंडळाचा प्रकार फार मोठ्या प्रमाणावर आढळतो. नगरपरिषद एक अध्यादेश काढून असे मंडळ स्थापन करते, किंवा शहराच्या सनदेतच, म्हणजे कारभाराच्या मूळ कायद्यातच, त्याची तरतूद असते. सदस्य स्थानिक रहिवासी असतात, ते अर्ज करतात, परिषद किंवा महापौर त्यांची ठरावीक मुदतीसाठी नेमणूक करतात आणि बहुतेक ठिकाणी त्यांना मानधन नसते. हे मंडळ उद्यानांवर 'देखरेख' करते असे सर्रास म्हटले जाते आणि गैरसमजाला सुरुवात तिथूनच होते. उद्यान खात्याचे संचालक या मंडळाला उत्तरदायी नसतात. ते सिटी मॅनेजरला, म्हणजे परिषदेने नेमलेल्या प्रशासकीय प्रमुखाला, किंवा महापौरांना उत्तरदायी असतात. माळ्याची बदली, कंत्राटदाराचे बिल, गवत कापण्याचे वेळापत्रक यांपैकी कशावरही मंडळाचा हुकूम चालत नाही. खात्याने मांडलेले पाहणे, त्यावर प्रश्न विचारणे, नागरिकांचे ऐकून घेणे आणि या सगळ्याचा निष्कर्ष परिषदेपुढे लेखी ठेवणे, एवढाच इथे देखरेखीचा अर्थ असतो.

नियामक मंडळ कसे असते हे मिनियापोलिसमध्ये सर्वांत ठळक दिसते. मिनेसोटाच्या विधिमंडळाने केलेल्या कायद्याला शहरातल्या मतदारांनी १८८३ मध्ये मंजुरी दिली आणि नगरपरिषदेपासून स्वतंत्र असे उद्यान आयुक्तांचे मंडळ अस्तित्वात आले. चार्ल्स लोरिंग हे त्याचे पहिले अध्यक्ष. त्याच वर्षी होरेस क्लीव्हलँड या उद्यानरचनाकाराने तळी, नदीकाठ आणि रुंद झाडीचे रस्ते एकमेकांना जोडणारी योजना मंडळापुढे ठेवली, आणि शहराला वळसा घालणाऱ्या सुमारे ५० मैलांच्या 'ग्रँड राउंड्स' मार्गाचे मूळ त्या योजनेत आहे. आजही या मंडळाचे नऊ आयुक्त मतदारांकडून थेट निवडले जातात: सहा वेगवेगळ्या विभागांतून आणि तीन संपूर्ण शहरातून. मंडळ स्वतःचा अधीक्षक नेमते, स्वतःचा अर्थसंकल्प मंजूर करते, मालमत्ता करातून स्वतःचा वाटा आकारते आणि त्याचे स्वतःचे उद्यान पोलीसही आहेत. कराच्या कमाल मर्यादेसाठी शहरात एक वेगळे मंडळ आहे आणि ठरावावर नकाराधिकार वापरण्याची मुभा महापौरांना आहे, म्हणजे हे स्वातंत्र्यही अगदी निरंकुश नाही. तरीही एखादी पायवाट कुठून न्यायची, यासाठी या मंडळाला नगरपरिषदेची परवानगी मागावी लागत नाही.

त्याचा अर्थ २०२० च्या उन्हाळ्यात सगळ्यांच्या लक्षात आला. शहरातल्या बेघर माणसांनी पावडरहॉर्न उद्यानात तंबू ठोकले आणि त्यांना राहू द्यायचे की नाही हा प्रश्न उद्यान मंडळापुढे आला. मंडळाने जूनमध्ये त्यांना राहू देण्याचा ठराव केला; पुढे तंबूंची संख्या फार वाढल्यावर जुलैमध्ये किती उद्यानांत आणि प्रत्येकी किती तंबू असावेत यावर मंडळानेच मर्यादा घातली. निर्णय बरोबर होता की चूक, यावर लोकांची मते टोकाची होती. मात्र जबाबदार कोण, याविषयी संदिग्धता नव्हती, कारण ज्यांनी हात वर केले त्यांनाच पुढच्या निवडणुकीत जाब विचारता येणार होता. सल्लागार मंडळाच्या वाट्याला असा जाब क्वचितच येतो, आणि माझ्या मते ही जशी त्याची सोय आहे तशीच मर्यादाही आहे.

नावावरून ओळखायला जावे तर फसगत होते. सिएटलच्या मंडळाच्या नावात 'आयुक्त' हा शब्द जुन्या काळापासून आहे. १९०४ च्या सनद-दुरुस्तीने त्या मंडळाला परिषदेपासून वेगळे, भक्कम अधिकार दिले होते. १९६० च्या दशकात ते अधिकार काढून घेऊन त्याला सल्लागार करण्यात आले, पण सदस्य आयुक्तच म्हणवले जात राहिले. त्याच शहरात २०१४ मध्ये मतदारांनी कर आकारू शकणारा स्वतंत्र उद्यान जिल्हा, म्हणजे केवळ उद्यानांसाठीची वेगळी स्थानिक संस्था, स्थापन केला. त्याचे नियामक मंडळ म्हणून कोण बसते, तर नगरपरिषदेचे सदस्यच. म्हणजे आयुक्त म्हणवणारे सल्ला देतात, आणि नगरसेवक दुसरी टोपी घालून उद्यान जिल्ह्याचा कारभार चालवतात.

निवडून आलेले ते नियामक आणि नेमलेले ते सल्लागार, अशी विभागणीही टिकत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या रिक्रिएशन अँड पार्क आयोगाचे सातही सदस्य महापौर नेमतात, तरीही खात्याचे धोरण ठरवणे आणि करारमदार मंजूर करणे हे त्या आयोगाचे काम आहे. शिकागोचेही तसेच. १९३४ मध्ये शहरातले २२ वेगवेगळे उद्यान जिल्हे एकत्र करून शिकागो पार्क डिस्ट्रिक्ट ही एकच संस्था झाली. तिचे आयुक्त महापौर नगरपरिषदेच्या संमतीने नेमतात, पण संस्था स्वतः कर आकारते, जमीन बाळगते आणि कंत्राटांवर सही करते. सरोवरकाठच्या १८ मैलांच्या वाटेवर चालणारे आणि सायकलवाले यांच्यासाठी दोन वेगळे पट्टे करण्याचे काम २०१८ मध्ये पूर्ण झाले, तेही याच संस्थेने केलेले.

दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी पाहायच्या तर शिकागोच बरे. तिथे अनेक उद्यानांची आपापली सल्लागार परिषद असते: आसपासचे रहिवासी महिन्यातून एकदा त्या उद्यानाच्या फील्डहाउसमध्ये, म्हणजे तिथल्या सार्वजनिक इमारतीत, जमतात, खेळण्यांची मोडतोड, दिव्यांची वेळ, उन्हाळी वर्ग यांविषयी बोलतात, झाडे लावण्यासाठी निधी जमवतात आणि मागण्या उद्यान जिल्ह्याकडे पाठवतात. त्यांच्या हाती उद्यानाचा अर्थसंकल्प नसतो. मिनियापोलिसमध्ये तर नियामक मंडळच एखाद्या मोठ्या आराखड्यासाठी नागरिकांची सल्लागार समिती नेमते आणि तिचा अहवाल आल्यावर मतदान स्वतः करते. तेव्हा या दोन गोष्टी एकमेकींना पर्याय असतात असेही नाही. पुष्कळदा एक दुसरीच्या पोटात असते.

आता एक काल्पनिक पण रोजच्या कामकाजात सहज शोभणारा प्रस्ताव घेऊ: ओढ्याकाठची आठ फूट रुंदीची वाट दहा फूट करावी आणि मुरमाऐवजी डांबर टाकावे. चालणारे आणि सायकलस्वार दोघेही दोन्ही दिशांनी वापरतील अशा वाटेसाठी अमेरिकेतील प्रचलित अभियांत्रिकी मार्गदर्शिका साधारणपणे किमान दहा फूट रुंदी सुचवते, त्यामुळे खाते हा प्रस्ताव आणणार हे उघड आहे. सल्लागार मंडळ असलेल्या शहरात खात्याचा नियोजक नकाशा घेऊन मंडळापुढे येतो. कोणी विचारते की काठावरची किती झाडे जातील. कोणी सांगते की गुडघे दुखणाऱ्यांना मुरूमच बरा. कोणाला विजेवर चालणाऱ्या सायकलींची धास्ती असते. मंडळ 'डांबर उत्तर भागापुरते, दक्षिणेकडे मुरूमच ठेवावा' अशी शिफारस करते. मग तो कागद परिषदेकडे जातो, तिथे खर्चाची तरतूद वेगळ्या मतदानाने होते, आणि वाट जर वीज कंपनीच्या किंवा काउंटीच्या जमिनीतून जात असेल तर त्यांच्याशी करार शहराच्या वतीने परिषद किंवा सिटी मॅनेजर करतात. मंडळाची सही त्या करारावर कुठेही नसते. नियामक मंडळाच्या शहरात नकाशा तोच, प्रश्न तेच, पण शेवटचे मतदान झाले की निविदा काढायला सांगितले जाते आणि करारावर मंडळाच्याच अधिकाराने सही होते.

यावरून सल्लागार मंडळ म्हणजे शोभेची वस्तू असे कोणी म्हणेल तर ते मला पटत नाही. नगरपरिषदेच्या कार्यसूचीवर एका रात्री पाणीपट्टी, पोलीस, घरबांधणी आणि रस्ते असे सगळे असते. ओढ्याकाठच्या वाटेला तिथे वीस मिनिटे मिळाली तरी खूप. सल्लागार मंडळ मात्र त्याच विषयावर दोन बैठका घालवू शकते, प्रत्यक्ष जाऊन वाट पाहू शकते आणि आराखडा अजून पेन्सिलीत असताना त्यात बदल सुचवू शकते. माझ्या दृष्टीने त्याचे खरे बळ इथेच आहे. एकमताने आणि कारणांसह आलेली शिफारस परिषद सहसा मोडत नाही, कारण ती मोडायची तर कारणे जाहीरपणे द्यावी लागतात. याउलट आराखडा पूर्ण होऊन निविदा तयार झाल्यावर मंडळापुढे 'माहितीसाठी' आलेला विषय हा केवळ उपचार असतो, आणि मंडळाचे सदस्यही हे जाणून असतात.

शिवाय काही सल्ल्यांना कायद्याने कुलूप लावलेले असते. याचे सर्वांत बोलके उदाहरण कोलोरॅडोतले बोल्डर. या शहराने १९६७ मध्ये मतदानाने स्वतःवर विक्रीकर लावून घेतला, तो शहराभोवतालची मोकळी जमीन विकत घेऊन राखण्यासाठी. तिथे उद्यानांसाठी एक सल्लागार मंडळ आहे आणि या मोकळ्या जमिनींसाठी 'विश्वस्त' म्हणवणारे दुसरे मंडळ आहे. नावावरून विश्वस्त मंडळ जास्त अधिकाराचे वाटते, पण जमीन विकण्याच्या बाबतीत दोघांची रचना सारखीच आहे. सनदेप्रमाणे उद्यानाची जमीन परिषदेला विकता किंवा अन्यथा देता येते, पण उद्यान सल्लागार मंडळाच्या किमान चार सदस्यांनी अनुकूल मत दिले तरच; मोकळ्या जमिनीसाठी विश्वस्तांपैकी किमान तिघांचे अनुकूल मत लागते, आणि त्यानंतरही ६० दिवसांच्या आत पुरेशा मतदारांनी अर्ज केल्यास तो विषय सार्वमताला जातो. म्हणजे मंडळ स्वतः जमीन विकू शकत नाही, पण इतरांना विकण्यापासून थांबवू शकते. रोजच्या कामात ते सल्लागार, जमिनीच्या प्रश्नावर मात्र त्याच्याकडे किल्ली.

म्हणून आपल्या शहरातले मंडळ कोणत्या जातीचे आहे हे ओळखायचे असेल तर नाव, टेबल किंवा नेमणुकीची रीत यांकडे न पाहता, सनद किंवा अध्यादेशातली क्रियापदे वाचावीत. 'शिफारस करील', 'आढावा घेईल', 'सल्ला देईल' ही क्रियापदे एका बाजूची. 'मंजूर करील', 'आकारील', 'नेमील', 'करार करील' ही दुसऱ्या बाजूची. मधेच कुठे 'अनुकूल मताशिवाय नाही' असा शब्दप्रयोग आढळला, तर तिथे बोल्डरसारखे कुलूप आहे असे समजावे. क्रियापद कळले की आपले म्हणणे कुठे मांडायचे हेही ठरते. मंडळ नियामक असेल तर अंतिम मतदानाच्या रात्री जाऊन बोलण्याला अर्थ आहे, कारण पुढे दार नाही. सल्लागार असेल तर दोनदा जावे: एकदा आराखडा मंडळापुढे पहिल्यांदा येतो तेव्हा, आणि पुन्हा परिषदेपुढे विषय येतो तेव्हा. दुसऱ्या खेपेला मंडळाच्या शिफारशीतले नेमके वाक्य परिषदेला वाचून दाखवले तर ते आपल्या तीन मिनिटांच्या बोलण्यापेक्षा जास्त वजनदार ठरते.

दोघांनाही सारखीच लागू पडणारी काही बंधने आहेत, आणि त्यांच्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. कॅलिफोर्नियात १९५३ चा ब्राउन कायदा नगरपरिषदेने रीतसर ठराव करून स्थापन केलेल्या सल्लागार मंडळालाही लागू होतो: नेहमीच्या बैठकीची कार्यसूची ७२ तास आधी लावावी लागते आणि नागरिकांना बोलू द्यावे लागते. सल्ल्याचीही चर्चा उघड्यावर व्हावी, हा त्यामागचा हेतू रास्तच आहे. दुसरे बंधन जमिनीला चिकटलेले असते. १९६० च्या दशकात सुरू झालेल्या भूमी व जलसंधारण निधीतून, म्हणजे केंद्र सरकारच्या पैशातून, एखादे उद्यान किंवा वाट विकसित झाली असेल, तर ती जागा दुसऱ्या कामासाठी वापरण्याआधी केंद्राच्या इंटीरियर खात्याची, म्हणजे सार्वजनिक जमिनी आणि राष्ट्रीय उद्याने पाहणाऱ्या खात्याची, मान्यता घ्यावी लागते आणि निदान तेवढ्याच बाजारभावाची व तितकीच उपयोगी जागा बदली द्यावी लागते. अशा जमिनीवर पार्किंग बांधायचे एखाद्या मंडळाने एकमताने ठरवले, तर ते मंडळ सल्लागार असो वा नियामक, त्याचा कागद आणखी एका टेबलावर जाऊन थांबतो.