सदस्यनाम (सातारा-सांगली परिसरातील)

सदस्यनाम : संगणकीय किंवा आंतरजालावरील सेवेत खाते उघडताना माणसाने स्वतःसाठी निवडलेले आणि त्या सेवेत दुसऱ्या कोणाकडेही नसलेले नाव. ‘वापरकर्तानाव’ हाही पर्याय वापरात आहे. मराठी विकिपीडियावर ‘सदस्य’ हा शब्द स्थिरावला. बोलण्यात मात्र सर्रास ‘आयडी’ म्हणतात.

अशा नावाची गरज यंत्रातून आली. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९६१ मध्ये एकच संगणक अनेकांनी वापरण्याची प्रणाली दाखवण्यात आली, तेव्हा एकाचे काम दुसऱ्याच्या कामापासून वेगळे राखण्यासाठी खूण लागू लागली. युनिक्स या संगणक प्रणालीत ही खूण दीर्घकाळ आठ अक्षरांपुरती होती. अमेरिकी संगणक अभियंते रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये नाव आणि यंत्राचा पत्ता यांच्यामध्ये ‘ॲट’चे चिन्ह घातले, तेच ई-मेलमध्ये कायम राहिले. आज इन्स्टाग्राम तीस आणि एक्स (पूर्वीचे ट्विटर) पंधरा अक्षरांपर्यंत मुभा देते, लिपी रोमन.

सदस्यनाम हा मराठी टोपणनावाचाच पुढचा अवतार, असे एक मत आहे. साताऱ्यात जन्मलेले शंकर केशव कानेटकर ‘गिरीश’ झाले, चाफळचे यशवंत दिनकर पेंढरकर आडनाव गाळून नुसते ‘यशवंत’ राहिले, हे त्याचे दाखले. साम्य आहे, पण वरवरचे. टोपणनाव कवी हौसेने घेई, आणि दुसऱ्या कोणी तेच घेतले तर फार तर वाद होई. सदस्यनामात दुसऱ्याला दारातच अडवले जाते. म्हणून त्याची नाळ टोपणनावापेक्षा गावातल्या ओळखनावाशी जुळते, हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. पाटील, जाधव, शिंदे, मोहिते, माने ही आडनावे या दोन जिल्ह्यांत इतकी दाट आहेत, की नुसत्या नाव-आडनावाने माणूस सापडत नाही. कर्मवीर भाऊराव, क्रांतिसिंह नाना आणि वसंतदादा हे तिघेही पाटीलच. लोकांनी त्यांना वेगळे ओळखले ते बिरुदावरून. खात्याच्या नावात ‘दादा’, ‘आबा’, ‘सरकार’ येतात ते केवळ मिरवण्यासाठी नव्हेत. आधीचे सगळे ‘पाटील’ घेतले गेलेले असतात.

यावर जुना उपाय गावाचा. ‘-कर’ प्रत्ययाचे नाव साधारणतः गाव सोडल्यावर चिकटते. तासगावात कोणी कोणाला तासगावकर म्हणून हाक मारत नाही. कीर्तनकार बाबामहाराज सातारकर (१९३६–२०२३) यांचे मूळ आडनाव गोरे होते. आंतरजालावर सगळेच गावाबाहेर असल्याने कराडकर, मिरजकर, सांगलीकर घरबसल्या होता येते. विटा, खानापूर, आटपाडी भागातील गलाई व्यावसायिक (सोने-चांदी गाळून शुद्ध करणारे) देशभर पांगले आहेत. परमुलखात वाढलेल्या त्यांच्या मुलांच्या खात्यावरही मूळ गावाचे नाव दिसते.

अंकांचा वापर अधिक गुंतागुंतीचा आहे. सर्वांत ठळक अंक परिवहन कार्यालयाचे : सातारा ‘एमएच ११’, सांगली ‘एमएच १०’, कराड ‘एमएच ५०’. कोल्हापूर ०९, सांगली १०, सातारा ११, पुणे १२ असा हा निव्वळ प्रशासकीय क्रम. शाहू महाराजांच्या १७०८ मधील राज्याभिषेकापासून राजधानी म्हणवणाऱ्या शहराच्या पोरांनी ओळख म्हणून रांगेतला अकरावा नंबर छातीशी धरावा, ही गंमतच. कराडकरांना स्वतंत्र कार्यालय मिळाल्यापासून ११ की ५० हा तालुक्याच्या अभिमानाचाही प्रश्न झाला. ‘९६’ या अंकाचा अर्थ वादग्रस्त आहे. कोणी तो १९९६ हे जन्मवर्ष मानतात, कोणी शहाण्णव कुळी मराठ्यांची खूण. ९५, ९७, ९८ हेही तितक्याच सहजतेने दिसत असल्याने सुटा ९६ जन्मवर्ष समजणे बरे. सोबत ‘के’ (‘कुळी’चे रोमन आद्याक्षर) किंवा ‘मराठा’ असल्यास दुसरा अर्थ घ्यावा. ८०५५ हा अंक इंग्रजी अंकांत ‘बॉस’सारखा दिसतो, तो गाड्यांच्या पाट्यांवरून इकडे आला असावा. ‘३०२’ हे भारतीय दंडसंहितेतील खुनाची शिक्षा सांगणारे कलम. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत त्याची जागा कलम १०३ ने घेतली. दहशत दाखवू पाहणाऱ्या खात्यांनी मात्र ही दुरुस्ती मनावर घेतलेली नाही.

लिप्यंतरात ‘ळ’ची अडचण मोठी. शिराळा आणि वाळवा रोमनमध्ये शिराला आणि वालवा होतात. कराड आणि करड एकसारखेच उमटतात. ‘ज्ञ’ मराठी माणूस ‘डीएनवाय’ असा लिहितो, हिंदी वळणाचा ‘जीवाय’. त्यामुळे ज्ञानेश्वर नावाच्या दोघांना एकाच सेवेत जागा मिळू शकते. नाव आधीच घेतलेले असल्यास शेवटचे अक्षर दोन-तीनदा ताणतात, अधोरेषा घालतात किंवा ‘रिअल’, ‘ऑफिशियल’ जोडतात. जीमेलमध्ये टिंबांचा उपयोग नाही, कारण ती सेवा नावातील टिंबे मोजतच नाही. मराठी विकिपीडियावर देवनागरी सदस्यनाम चालते.

स्त्रियांच्या सदस्यनामांत आडनाव पुष्कळदा गाळलेले असते. लग्नाआधी उघडलेल्या ई-मेल खात्यावर माहेरचे आडनाव तसेच राहते आणि बँकेपासून शाळेच्या अर्जापर्यंत तेच चालू असते.