लेना नदीचा गाळ जातो कुठे?

बैकल सरोवराजवळच्या डोंगरांत उगम पावणारी लेना ४,००० किलोमीटरहून जास्त वाट कापून सैबेरियाच्या उत्तर टोकाला लाप्टेव्ह समुद्रात उतरते. हिवाळ्यात ती जेमतेम वाहते. मग बर्फ वितळतो आणि वर्षभराच्या पाण्यातला सुमारे एक तृतीयांश वाटा एकट्या जून महिन्यात येतो. तेव्हा किनाऱ्यालगतचा समुद्र अजून गोठलेलाच असतो. गढूळ पूर त्या बर्फाच्या वरूनही पसरतो आणि खालूनही.

या पाण्यातून दरवर्षी अंदाजे दोन कोटी टन गाळ येतो. आकडा मोठा वाटेल, पण लेनाच्या मानाने तो कमीच आहे. कॅनडातली मॅकेन्झी पाण्याने लेनाहून बरीच लहान, तरी ती दहा कोटी टनांहून जास्त गाळ आणते. रॉकी पर्वतातून येणाऱ्या तिच्या उपनद्या ठिसूळ खडक झपाट्याने झिजवतात. लेनाच्या खोऱ्यातली माती मात्र कायम गोठलेली असल्यामुळे सहजासहजी सुटत नाही.

यातली जाड रेती त्रिभुज प्रदेशातच बसते. खरी गंमत आहे ती चिकणमातीच्या कणांची. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा कण स्थिर, थंड पाण्यात दिवसाला दहा सेंटिमीटरही खाली जात नाही. वीस मीटर खोल समुद्राचा तळ गाठायला त्याला सहा महिन्यांहून जास्त काळ लागेल. या हिशोबाने सगळी माती दूर खोल समुद्रात वाहून जायला हवी. तसं होत नाही, कारण मध्ये मीठ येतं. हे कण ऋणभारित असतात आणि गोड्या पाण्यात एकमेकांना दूर लोटतात. खाऱ्या पाण्यातले सोडियम, मॅग्नेशियमचे आयन हा भार झाकून टाकतात. मग लिंबू पिळलेल्या दुधासारखं होतं: कण एकमेकांना चिकटतात, गुठळ्या होतात आणि जड होऊन भराभर खाली बसतात. त्यासाठी पूर्ण खारं पाणीही लागत नाही, थोडासा खारटपणा पुरतो.

रशियन सागरशास्त्रज्ञ अलेक्झांडर लिसित्सिन यांनी १९९०च्या दशकात गोडं आणि खारं पाणी मिसळतं त्या पट्ट्याला महासागराची ‘सीमांत गाळणी’ म्हटलं. त्यांच्या मते नदीच्या तरंगत्या गाळातला ९० टक्क्यांहून अधिक भाग इथेच अडतो. पाणी निवळलं की उजेड खोलवर पोचतो आणि सूक्ष्म वनस्पती जोमाने वाढू लागतात. म्हणजे समुद्रात अन्न कुठे तयार होणार, हेही बऱ्याच अंशी ही गाळणीच ठरवते.

पण ध्रुवीय समुद्रात या गाळणीला एक चोरवाट आहे, आणि माझ्या मते या विषयातला सर्वांत विलक्षण भाग तोच. शरद ऋतूत वादळं उथळ समुद्र तळापर्यंत ढवळून काढतात. अतिथंड पाण्यात बर्फाचे बारीक स्फटिक तयार होतात, वर येताना ते तळाची माती सोबत उचलतात आणि पृष्ठभागावर तिच्यासकट गोठतात. हा मळकट बर्फ प्रवाहाबरोबर उत्तर ध्रुवाच्या बाजूने थेट ग्रीनलंडच्या दिशेला सरकतो. नॉर्वेचे ध्रुवीय संशोधक फ्रिटजॉफ नान्सेन १८९३ ते १८९५ या काळात ‘फ्राम’ जहाजातून याच प्रवाहाबरोबर वाहत गेले, तेव्हा त्यांना बर्फावर ही माती दिसली होती.

आता उन्हाळे तापू लागले आहेत. सैबेरियाच्या उथळ समुद्रात तयार झालेला बराचसा बर्फ वाटेतच वितळतो आणि त्यातली माती ग्रीनलंडच्या पूर्वेकडच्या फ्राम सामुद्रधुनीपर्यंत न पोचता आधीच पाण्यात पडते.