बिडातलं ग्राफीन

मटेरियल सायन्सची एखादी मोठी परिषद भरली की बातमीचा साचा ठरलेला असतो. 'पोलादापेक्षा 200 पट मजबूत', 'केसापेक्षा लाख पटीनं पातळ' आणि शेवटी 'लवकरच आपल्या मोबाइलमध्ये'. अमेरिकेतल्या मटेरियल्स रिसर्च सोसायटीचंच घ्या. 1973 साली स्थापन झालेल्या या संस्थेची बोस्टनला दर हिवाळ्याच्या तोंडावर बैठक भरते. हजारो संशोधक येतात, एकाच वेळी कितीतरी दालनांत सत्रं चालतात, संध्याकाळी पोस्टरांसमोर गर्दी होते. त्यातलं एखादं वाक्य कुणीतरी उचलतं आणि आपल्या व्हॉट्सॲपवर पोचेपर्यंत त्याला पंख फुटलेले असतात.

त्या '200 पट'चा उगम ग्राफीनमध्ये आहे. ग्राफीन म्हणजे कार्बनच्या अणूंचा एकच थर, षटकोनी जाळीत विणलेला. 2004 साली मँचेस्टरमध्ये गाइम आणि नोवोसेलोव्ह यांनी साध्या चिकटपट्टीनं ग्राफाइटचे पापुद्रे काढत काढत तो वेगळा केला आणि 2010 साली त्यांना नोबेल मिळालं. 2008 साली कोलंबिया विद्यापीठात त्याची ताकद मोजली गेली. मोजलेला तुकडा एका सूक्ष्म भोकावर ताणून बसवलेला होता आणि त्याच्या जाळीत दोष जवळपास नव्हता. आकडा खराच आहे. पण तो त्या निर्दोष पापुद्र्याचा आहे आणि बातमीत पापुद्रा गळतो, आकडा तेवढा उरतो.

कोल्हापूरच्या माणसानं या बातमीकडे जरा तिरक्या नजरेनं बघावं असं मला वाटतं. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या पट्ट्यात सुमारे 300 फाउंड्र्या, म्हणजे लोखंड ओतायचे कारखाने, आहेत. तिथल्या बिडात, म्हणजे ओतीव लोखंडात, वजनानं साडेतीन टक्क्यांच्या आसपास कार्बन असतो आणि लोखंड थिजताना त्यातला बराचसा ग्राफाइट होऊन बाहेर पडतो. ग्राफाइट म्हणजे ग्राफीनचेच थर, एकावर एक रचलेले. म्हणजे जगातला सर्वात मजबूत म्हणून गाजलेला पदार्थ आपल्याकडे रोज टनांनी तयार होतो. आणि गंमत अशी, की त्याच्याचमुळे बिडाचा तवा ओट्यावरून फरशीवर पडला की फुटतो.

हे कसं, ते सांगण्यासाठीच हा लेख.

ग्राफीनच्या एका थरातले बंध जबरदस्त असतात, पण थराथरांमधली पकड अगदीच ढिली. म्हणून तर पेन्सिल कागदावर उमटते. साध्या बिडात, म्हणजे ज्याला कारखान्यात 'सी.आय.' म्हणतात त्यात, हे ग्राफाइट पातळ, वाकड्यातिकड्या पत्र्यांच्या रूपात वाढतं. वजनाला ते साडेतीन टक्क्यांच्या आतच, पण लोखंडापेक्षा खूप हलकं असल्यामुळे जागा मात्र दहा टक्क्यांच्या घरात व्यापतं. या पत्र्यांना ताण पेलता येत नाही. ताणाच्या हिशेबानं पाहिलं तर पत्रा म्हणजे लोखंडात आधीपासूनच पडलेली चीर.

शाम्पूची पुडी कडेला कातरा असेल तर बोटानं सहज फाटते आणि नसेल तर दातांनीही फाटत नाही. बिडाचं दुखणं नेमकं तेच. 1913 साली चार्ल्स इंग्लिस यांनी याचं गणित मांडलं. पट्टीत लंबगोल भोक असेल आणि ताण त्याच्या लांबीला काटकोनात असेल, तर टोकाशी ताण किती पट होतो? 1 अधिक (2 गुणिले लांबी भागिले रुंदी). भोक गोल असेल तर 1 + 2 = 3, म्हणजे तिप्पट. लांबी रुंदीच्या वीसपट असेल तर 1 + 40 = 41 पट! प्रत्यक्ष धातू टोकाशी थोडा वाहतो, त्यामुळे आकडा इतका चढत नाही, पण दिशा कळली. कार्बन तेवढाच ठेवून त्याचा फक्त आकार पत्र्यावरून गोळीवर आणला, तर लोखंड तुटायच्या आधी वाकायला हवं.

हे कागदावर सोपं होतं. प्रत्यक्षात यायला 1943 उजाडलं आणि तेही दुसऱ्याच कामातून. युद्धामुळे क्रोमियमची टंचाई होती. इंटरनॅशनल निकेल कंपनीच्या प्रयोगशाळेत कीथ मिलिस हे, झीज सोसणाऱ्या एका ओतीव लोखंडात क्रोमियमऐवजी काय चालेल, ते शोधत होते. त्या ओघात त्यांनी लेडलमध्ये, म्हणजे वितळलेलं लोखंड घ्यायच्या भांड्यात, थोडं मॅग्नेशियम घातलं. साच्यातून निघालेल्या लोखंडात ग्राफाइटच्या चक्क गोळ्या होत्या. कंपनीनं ही गोष्ट पाच वर्षं पोटात ठेवली.

मग 1948 साली फिलाडेल्फियाला अमेरिकन फाउंड्रीवाल्यांचं वार्षिक अधिवेशन भरलं. ब्रिटनच्या ओतीव लोखंड संशोधन संस्थेचे हेंटन मॉरो यांनी तिथे निबंध वाचला: सिरियम हा धातू घातला तर ग्राफाइट गोल होतं. त्याच वेळी निकेल कंपनीनंही पत्ते उघडले, की आमच्याकडे मॅग्नेशियमनं हेच होतं आणि 1943 पासून होतंय. सिरियमच्या पद्धतीला लोखंडाच्या घडणीच्या अटी होत्या, मॅग्नेशियमच्या पद्धतीला त्या मानानं कमी. पुढच्याच वर्षी, 1949 मध्ये, कंपनीला पेटंट मिळालं. परिषदा कशासाठी भरतात, असं कुणी विचारलं तर मी हा प्रसंग सांगतो. शोध परिषदेत लागत नाहीत, पण शेजारच्यानं आपलंच गुपित व्यासपीठावर फोडलेलं बघून मूठ उघडावी लागते.

आता मॅग्नेशियम नेमकं करतं काय? इथून पुढचे दोन परिच्छेद जरा सावकाश वाचा. मला हा भाग सर्वात आवडतो, त्यामुळे मी आटोपतं घेणार नाही.

ग्राफाइटचा स्फटिक म्हणजे षटकोनी पाट समजा. त्याला वर-खाली सपाट पृष्ठं आणि बाजूला कडा. कडेवरच्या अणूंचे काही बंध मोकळे असतात, सपाट पृष्ठावरच्या अणूंचे सगळे गुंतलेले. वितळलेल्या लोखंडात गंधक आणि प्राणवायू नेहमीच थोडेफार विरघळलेले असतात आणि ते या मोकळ्या बंधांपाशी जाऊन चिकटतात. त्यांच्या संगतीत स्फटिक कडेच्या दिशेनं पसरत जातो, जाडीत वाढत नाही. झाला पत्रा. मॅग्नेशियमला गंधक आणि प्राणवायूची प्रचंड ओढ. ते दोघांनाही पकडून सल्फाइड आणि ऑक्साइड करून टाकतं. कडा स्वच्छ झाल्या की वाढीची दिशा बदलते: स्फटिक आता सपाट पृष्ठावर थरावर थर चढवत जाडीच्या बाजूनं वाढतो. एकाच बीजापासून अशा अनेक शाखा चहूकडे निघतात, प्रत्येक शाखा शंकूसारखी रुंदावते आणि सगळ्या मिळून गोळी होते. गोळीचा पृष्ठभाग कुठेही तपासा, थराचं सपाट अंगच बाहेर असतं.

गंधक काढणं एवढंच पुरेसं आहे, की शिल्लक मॅग्नेशियमही स्फटिकाच्या वाढीत ढवळाढवळ करतं, यावर जाणकारांत अजून वाद आहेत. व्यवहारात मात्र शेवटी लोखंडात 0.03 ते 0.05 टक्के मॅग्नेशियम शिल्लक लागतं. 0.04 धरलं तर टनाला 400 ग्रॅम. आता गंधकाचा हिशेब करा. कोळशाच्या, म्हणजे कोकवर चालणाऱ्या क्युपोला भट्टीतल्या लोखंडात गंधक 0.1 टक्क्यापर्यंत जातं, म्हणजे टनाला एक किलो. अणुभारांचं प्रमाण 24 ला 32, तेव्हा एक किलो गंधक साधारण 750 ग्रॅम मॅग्नेशियम आधीच फस्त करणार. कोकमध्ये गंधक असतं, विजेत नसतं. एस.जी., म्हणजे 'स्फेरॉइडल ग्राफाइट', गोळ्यांच्या ग्राफाइटचं लोखंड करणारा माणूस विजेवरच्या इंडक्शन भट्टीकडे वळतो, त्याचं एक मोठं कारण हे.

एस.जी. ओतताना एकदा जवळून बघण्यासारखं असतं. मॅग्नेशियम 1,090 अंश सेल्सियसच्या आसपास उकळतं आणि लेडलमधलं लोखंड 1,400 च्या वर असतं. शिवाय मॅग्नेशियम हलकं, नुसतं टाकलं तर वर तरंगून भक्कन पेटेल. म्हणून त्याचा लोखंड आणि सिलिकॉनबरोबरचा मिश्रधातू वापरतात. लेडलच्या तळाशी एका बाजूला खड्डा ठेवलेला असतो. त्यात हे खडे भरायचे, वरून पोलादी पंचिंगचे, म्हणजे पत्र्याला भोकं पाडताना निघालेले, तुकडे दाबायचे आणि भट्टीतलं लोखंड दुसऱ्या बाजूनं सोडायचं. काही सेकंद काहीच होत नाही. मग लेडल खदखदायला लागतो, डोळे दिपवणारा पांढरा उजेड पडतो आणि धुराचा लोट छतापर्यंत जातो. उजेड विझला की ओतणाऱ्यांची पळापळ, कारण मॅग्नेशियम सतत उडून चाललेलं असतं. दहा-पंधरा मिनिटांत ते इतकं उतरतं, की गोळ्यांचे पुन्हा पत्रे व्हायला लागतात. याला 'फेडिंग' म्हणतात. म्हणून तपासणीचा नमुना पहिल्या साच्याचा घेऊन चालत नाही, शेवटच्या साच्याचा घ्यावा लागतो. पहिला नेहमीच चांगला असतो.

काही भट्ट्यांवर लिंबू-मिरच्या टांगलेल्या दिसतात. खंडेनवमीला भट्टीला हळद-कुंकू लावायला माझी ना नाही, कामाच्या साधनाचा मान ठेवावा. पण हीट, म्हणजे भट्टीची एक खेप, बिघडली म्हणून नजर उतरवणाऱ्यानं आधी भिंतीवरचं घड्याळ बघावं आणि मग भंगारात काय आलं होतं ते. शिसं किंवा टायटेनियम किंचित जास्त आलं तरी गोळ्या बिघडतात. लिंबानं यातलं काहीच उतरत नाही.

नमुना घासून, चकचकीत करून, अल्कोहोलमध्ये मिसळलेल्या सौम्य नायट्रिक आम्लात क्षणभर बुडवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की काळी गोळी, तिच्याभोवती फेराइटचं, म्हणजे जवळपास कार्बन नसलेल्या लोखंडाचं, पांढरं कडं आणि बाहेर करडा परलाइट, म्हणजे फेराइट आणि लोहकार्बाइडचे आलटूनपालटून थर, दिसतो. कारखान्यात याला 'बुल्स आय' म्हणतात. सूक्ष्मदर्शक नसेल तर जुने फेटलर, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करणारे कामगार, हातोडी मारून सांगतात: एस.जी. खणखणीत वाजतं, साधं बीड 'ठक्' म्हणून गप्प होतं. यात चमत्कार नाही. पत्रे ध्वनीची ऊर्जा खाऊन टाकतात. हीच परीक्षा अल्ट्रासॉनिक यंत्र आकड्यात घेतं. चांगल्या एस.जी.मधून ध्वनी सेकंदाला साडेपाच हजार मीटरच्या आसपास पळतो, साध्या बिडात तो बराच मंदावतो.

फरक किती पडतो? साधं बीड तुटण्यापूर्वी एक टक्काही लांबत नाही. एस.जी.च्या 400/15 या प्रतीत पहिला आकडा ताकदीचा, मेगापास्कलमध्ये, आणि दुसरा लांबण्याचा: किमान 15 टक्के. कार्बन दोन्हींत जवळपास तेवढाच. म्हणून गाडीच्या क्रँकशाफ्टलाही ओतीव लोखंड चालू लागलं.

पण तेवढ्यावरून साधं बीड कमी प्रतीचं ठरवू नका. थरथर खाऊन टाकणारे तेच पत्रे लेथच्या बेडला हवे असतात. उष्णताही पत्र्यांतून चांगली वाहते, म्हणून ब्रेक ड्रम आजही बिडाचाच. शिवाय यंत्रावर ते लोण्यासारखं कापलं जातं. परिषदांत मात्र बिडावरचं पोस्टर शोधावं लागतं, ग्राफीनची रांग लागलेली असते. आपल्या शिवाजी विद्यापीठाच्या परिसरातून शिरोलीला जायला दुचाकीवर फार वेळ लागत नाही, पण ही वाट मळलेली नाही असं माझं निरीक्षण आहे.

खरं तर संशोधनाला खाद्य अजून भरपूर आहे. पत्रा आणि गोळी यांच्या अधलामधला एक आकार असतो, आखूड, जाड, टोकं बोथट झालेला. त्याचं लोखंड पत्र्याच्या बिडापेक्षा बरंच मजबूत आणि गोळीच्या लोखंडापेक्षा उष्णता जास्त वाहून नेणारं, त्यामुळे डिझेल इंजिनाच्या ब्लॉकला सोयीचं. अडचण एवढीच, की त्यासाठी शिल्लक मॅग्नेशियम 0.01 ते 0.02 टक्क्यांच्या चिंचोळ्या पट्टीत धरावं लागतं. जरा कमी झालं की पत्रे, जरा जास्त झालं की गोळ्या, आणि लेडल ओतून होईपर्यंत ते उडत असतंच. ओतायला पाच मिनिटं उशीर झाला, तर एकाच लेडलमधून पहिला ब्लॉक पास आणि शेवटचा भंगारात जाऊ शकतो.