शेवटची तिरीप

लेट्यूसच्या काही जातींचं बी ओलं करून अंधारात ठेवलं, तर त्यातलं फारच थोडं रुजतं. त्यावर थोडा वेळ तांबडा प्रकाश पाडून ते पुन्हा अंधारात ठेवलं, की बहुतेक बियांना मोड येतात. पण या तांबड्या प्रकाशापाठोपाठ वर्णपटाच्या अगदी टोकाचा, आपल्या डोळ्यांना जेमतेम जाणवणारा ‘दूरचा तांबडा’ प्रकाश पाडला, तर आधीचा परिणाम पुसला जातो.

१९५२ साली अमेरिकेतल्या बेल्ट्सव्हिलच्या कृषी संशोधन केंद्रात हॅरी बोर्थविक, स्टर्लिंग हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दोन प्रकाश आळीपाळीने पुन्हा पुन्हा दिले. शेवटची तिरीप तांबडी असली, की ७० टक्के किंवा त्याहून जास्त बिया रुजायच्या. ती दूरच्या तांबड्याची असली, की जेमतेम सहा-सात टक्के. आधी काय काय झालं, याचा हिशोब बी ठेवतच नव्हतं.

वनस्पतिशास्त्रातला इतका देखणा प्रयोग मला दुसरा माहीत नाही. दिवे, रंगीत गाळण्या आणि ओल्या बिया एवढ्याच सामग्रीवरून या मंडळींनी निष्कर्ष काढला, की बियांमध्ये एकच रंगद्रव्य असावं आणि त्याची दोन रूपं असावीत. एक रूप तांबडा प्रकाश शोषून दुसऱ्यात बदलतं, दुसरं दूरचा तांबडा शोषून पुन्हा पहिल्यात येतं. ते रंगद्रव्य तोवर कुणी पाहिलेलं नव्हतं. १९५९ मध्ये ते मक्याच्या कोंबांत सापडलं आणि त्याला ‘फायटोक्रोम’ हे नाव मिळालं. त्याचं एक रूप ६६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा प्रकाश टिपतं, तर दुसरं ७३० च्या आसपासचा.

पण बियांना या दोन रंगांतला फरक कळून करायचं काय? याचं उत्तर डोक्यावरच्या पानांमध्ये आहे. हिरवं पान तांबडा प्रकाश जवळपास सगळा पिऊन टाकतं. दूरचा तांबडा मात्र त्याच्या उपयोगाचा नसतो, म्हणून तो आरपार जातो किंवा परतून येतो. उघड्यावरच्या उन्हात हे दोन्ही साधारण सारखेच असतात. दाट झाडोऱ्याखाली तांबडा इतका घटतो, की तो दूरच्या तांबड्याच्या दहाव्या हिश्श्याएवढासुद्धा उरत नाही. लेट्यूसचं बी बारीक, त्यातली शिदोरी तुटपुंजी. दुसऱ्याच्या सावलीत रुजलं तर कोवळं रोप उपाशी मरेल. म्हणून ते मातीत थांबून राहतं.

प्रकाश म्हणजे झाडाचं अन्न, हे आपण शाळेत शिकतो. पण प्रकाश ही झाडासाठी खबरही असते, आणि ती किती बारकाईने वाचली जाते हे वाढत्या रोपांत दिसतं. १९९० मध्ये अर्जेंटिनातल्या कार्लोस बॅलारे आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की शेजाऱ्याची सावली अंगावर पडण्याआधीच रोपाला त्याचा सुगावा लागतो. शेजारच्या पानांवरून आडवा परतून येणारा दूरचा तांबडा प्रकाश खोडाला पुरतो. मग दोन पेरांतलं अंतर वाढतं, पानं वर उचलली जातात, बाजूच्या फुटव्यांना लगाम बसतो. हे फुकट मात्र होत नाही. सगळी ताकद उंचीला गेली, की खोड बारीक राहतं. दाट पेरलेलं पीक वाऱ्यापावसात लोळतं, त्यामागे हेही एक कारण असतं.

मातीखालच्या कोंबाचीही अशीच धावपळ चालते: पांढराफटक, लांबलचक, शेंडा आकड्यासारखा वाकलेला, पानं मिटलेली. अंधारातली ही वाढ काही ठरावीक प्रथिनं चालवतात. कोंब मातीबाहेर आला, की फायटोक्रोम जागृत होऊन पेशीच्या केंद्रकात शिरतं आणि त्या प्रथिनांचा नायनाट घडवून आणतं. आकडा सरळ होतो, पानं उलगडतात, हिरवी होतात.

खिडकीतलं रोप उजेडाकडे झुकतं, तिथे मुख्य काम निळ्या प्रकाशाचं. तो टिपणारी प्रथिनं वेगळी आहेत, त्यांना फोटोट्रॉपिन म्हणतात. त्यांचा मागमूसही नव्हता तेव्हा, १८८० साली, चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी गवताच्या कोंबांच्या शेंड्यांवर इवल्याशा टोप्या घातल्या होत्या. शेंडा झाकला, की कोंब वाकायचा थांबला. म्हणजे उजेड कळतो शेंड्याला, आणि वाकतो तो खालचा भाग. मधला निरोप्या १९२६ मध्ये नेदरलँड्समधल्या फ्रिट्स वेंट यांना सापडला: ऑक्सिन हे संप्रेरक. ते अंधाऱ्या बाजूला जास्त साठतं, त्या बाजूच्या पेशी जास्त लांबतात आणि रोप उजेडाकडे कलतं. आपल्याला वाटतं उजेड त्याला ओढतोय. प्रत्यक्षात त्याला सावलीकडची बाजू ढकलत असते.

झाडं रात्रही मोजतात. दिवसाच्या लांबीवर फुलणं अवलंबून असतं, हे १९२० मध्ये कळलं होतं. पण १९३८ साली कार्ल हॅमनर आणि जेम्स बॉनर यांनी लांब रात्री मिळाल्या तरच फुलणाऱ्या झँथियम या तणावर प्रयोग केले, तेव्हा खरी मोजणी अंधाराची असल्याचं दिसलं. लांब रात्रीच्या मध्यावर काही मिनिटं दिवा लावला, तरी फुलणं थांबतं. पुढे आढळलं, की हा खोडा घालायला तांबडा प्रकाशच सर्वांत प्रभावी आहे, आणि लगेच दूरचा तांबडा दिला तर तो निघतो. इथेही शेवटचीच तिरीप ऐकली जाते. शेवंतीचे बागायतदार याच युक्तीने, रात्री दिवे लावून, कळ्या धरणं लांबवतात.

ठरवून न केलेला असाच एक प्रयोग शहरांत रोज चालू असतो. थंड प्रदेशांत हिवाळ्याआधी रात्री लांबत जातात, तशी झाडं पानगळीची तयारी करतात. रस्त्याकडेच्या झाडांची बाकी पानं गळून गेली, तरी दिव्याच्या खांबालगतच्या फांद्यांवर ती पुष्कळदा बरेच दिवस हिरवी टिकून राहतात.